कुनखीचा अपराध

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात, जेथे महापातकांची गणना आणि त्यांच्या प्रायश्चित्तांचे विधान आहे, तेथे मनुष्यशरीरावर दिसणाऱ्या काही व्यंगांचा संबंध त्याच्या या जन्मीच्या किंवा पूर्वजन्मीच्या दुष्कृत्यांशी जोडलेला आहे. आणि त्या यादीत अग्रभागी येतो तो नखांचा विकार. ब्राह्मणाचे सुवर्ण चोरणारा कुनखी, म्हणजे विवर्ण व विकृत नखांचा होतो, मद्यपी काळ्या दातांचा होतो, ब्रह्मघातकी क्षयी होतो आणि गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याची त्वचा दूषित होते, असा तेथील आशय असून याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायातही तो जवळजवळ तसाच आलेला आहे. वसिष्ठधर्मसूत्राने कुनखीला बारा रात्रींचे कृच्छ्र नावाचे प्रायश्चित्त सांगितले, आणि श्राद्धाच्या पंक्तीला जे अपात्र त्यांच्यात मनूने त्याची गणना केली. कर्माच्या अवशेषामुळे असे मूक, अंध, बधिर आणि विकृताकृती लोक जन्माला येतात व ते सज्जनांच्या निंदेस पात्र होतात, असा त्या प्रकरणाचा निष्कर्ष आहे. या निष्कर्षातील सज्जनांचा उल्लेख विशेष चिंतनीय वाटतो. कारण रोग्याची निंदा करूनही मनुष्याला सज्जन राहता येते, असे गृहीत धरल्याखेरीज तो लिहिताच आला नसता.

हा प्रश्न केवळ पोथीतला असता तर त्याची चर्चा पंडितांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु वर्धा जिल्ह्याच्या कोणत्याही खेड्यात, मग ते आर्वीकडचे असो की हिंगणघाट-समुद्रपूरकडचे, एखाद्याच्या हातापायाची नखे काळवंडली, पिवळी पडून जाड झाली किंवा झडू लागली, तर त्याच्या कानावर पहिला शब्द येतो तो 'भोग'. मागच्या जन्माचे देणे आहे, ते फेडल्याशिवाय सुटका नाही, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, आणि सांगताना त्यांच्या मनात दुष्टावा नसतो. उलट दुःखाला काहीतरी अर्थ आहे, हे जग आंधळ्या अपघातांचे नाही, असा धीर देण्याचीच त्यांची इच्छा असते. म्हणून या समजुतीची केवळ अडाणीपणा म्हणून बोळवण करणे मला न्याय्य वाटत नाही. ज्या कर्मसिद्धांताने कोट्यवधी माणसांना संकटात उभे राहण्याचे बळ दिले, त्याचा अधिकार कोठपर्यंत चालतो आणि कोठे संपतो, याची शांतपणे चौकशी व्हावयास हवी. आणि त्या चौकशीसाठी नखासारखा क्षुद्र अवयवच अधिक सोयीचा आहे, कारण जे तत्त्व खरे असेल ते बोटाच्या टोकावरही खरे ठरले पाहिजे.

नखावर अर्थ लिहिलेला असतो ही भावना आपल्याकडे बालपणापासूनची आहे. संध्याकाळी बगळ्यांची माळ आकाशातून जाऊ लागली की मुले हातांची नखे एकमेकांवर घासून त्यांच्याकडे कवड्या किंवा फुले मागतात आणि काही दिवसांनी नखावर पांढरा ठिपका उमटला की मागणे पोचले असे मानतात. त्याच ठिपक्याला मूल प्रसाद म्हणते आणि स्मृतिकाराच्या वाटेने जाणारा मनुष्य पापचिन्ह म्हणतो. वस्तुतः तो ठिपका बहुधा नखाच्या मुळाशी काही आठवड्यांपूर्वी लागलेल्या लहानशा धक्क्याचा परिणाम असतो. चुना म्हणजे कॅल्शियम कमी पडल्याने तो येतो ही समजूतही निराधार आहे. नख वाढत जाते तसा ठिपका पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो. नख हा एक दाखला आहे खरा. परंतु कोणता मजकूर त्यात नोंदला गेला आणि कोणता वाचणाऱ्याने पदरचा घातला, हे ठरविणे हाच खरा वाद आहे.

या वादात आपल्याच परंपरेने दिलेली दुसरी साक्ष आपण सहसा काढत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात चव्वेचाळीस क्षुद्ररोगांचे वर्णन आहे आणि त्यांत कुनखाचे स्वतंत्र लक्षण सांगितले आहे. आघाताने दूषित झालेले नख रूक्ष, काळे आणि खरखरीत होते, त्यास कुनख जाणावे, असे सुश्रुत सांगतो. त्याच्या शेजारीच त्याने चिप्प नावाच्या विकाराचे वर्णन केले आहे, ज्यात नखालगतचे मांस दुखते, जळजळते आणि पिकते. आपल्या बोलीत त्याला नखुरडे म्हणतात. ऊन पाण्याचा शेक, दूषित भाग काढून टाकणे आणि व्रणाची शुद्धी असे त्याचे उपचार चिकित्सास्थानात आहेत. येथे सुवर्णाची चोरी कोठेही नाही, पूर्वजन्म नाही आणि कृच्छ्रही नाही. एकाच भूमीत, एकाच भाषेत, एकाच नखाविषयी धर्मशास्त्रकार विचारतो की या मनुष्याने काय केले, आणि वैद्य विचारतो की या बोटाला काय झाले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून श्रोता रोग्यापासून दूर सरकतो, तर दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी त्याला रोग्याचा हात हातात घ्यावा लागतो. दोन शास्त्रांमधील हा भेद केवळ मतांचा नाही; तो रोग्यापासून किती अंतरावर उभे राहावयाचे याचा भेद आहे.

तथापि वैद्यकाचा पक्ष निष्कलंक होता असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या सुश्रुताने कुनखाचे कारण आघात असे स्वच्छ सांगितले, त्यानेच कुष्ठाच्या प्रकरणात ब्रह्महत्या, स्त्रीहत्या, सज्जनांचा वध आणि परद्रव्यापहार यांमुळे होणारा पापरोग असे त्या व्याधीचे वर्णन स्वीकारले आहे. जेथे कारण डोळ्यांना दिसले तेथे वैद्य वैद्य राहिला, आणि जेथे ते दिसेना तेथे त्यानेही स्मृतिकाराचा आधार घेतला. यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते: पूर्वजन्मीच्या पापाने ज्ञानात कोणतीही भर घातली नाही, ज्ञान जेथे थांबले तेथील रिकामी जागा त्याने भरून काढली. आणि रिकामी जागा भरली गेली की तेथे शोध घेण्याची इच्छाही उरत नाही. कुष्ठाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने 1873 मध्ये ओळखला. तोपर्यंतच्या शतकानुशतकांत पापाच्या उत्तराने किती बुद्धिमान माणसांची जिज्ञासा शमविली असेल, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो.

चरकाचा विचार या बाबतीत अधिक सावध आहे. आयुष्याचे प्रमाण नियत की अनियत, या प्रश्नाची चर्चा करताना विमानस्थानात तो दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वीचे कर्म आणि आताचा प्रयत्न, या दोहोंचे बलाबल मानतो आणि दुर्बल दैवाचा बलवान प्रयत्नाने पराभव होतो असे सांगतो. सर्वच दैवाधीन असते तर औषधाला काही अर्थच उरला नसता, ही त्याची युक्ती आहे. बुद्धाने याहून पुढचे पाऊल टाकले. जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच काय, असा प्रश्न मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारला असता पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूंचे परिवर्तन, विषम आहारविहार आणि बाहेरचा आघात अशी सात कारणे सांगून कर्मविपाकाला त्याने आठवे स्थान दिले, आणि जे सर्व काही पूर्वकर्मावर घालतात ते अनुभवाचेही उल्लंघन करतात असा निर्णय दिला. योहानाच्या शुभवर्तमानातही जन्मांधाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि दोघांचेही नाही असे उत्तर त्यांना मिळते. आमच्या काळात डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे या जन्मीच्या माणसाच्या माथी मारण्यास जो कठोर विरोध केला, त्यामागे हजारो वर्षे ते ओझे वाहिलेल्या समाजाचा अनुभव होता. ज्याला जन्मतःच अपराधी ठरविले आहे त्याला त्या सिद्धांताचे सौंदर्य दिसावे, अशी अपेक्षाही करणे अन्याय आहे.

कर्मसिद्धांताच्या बाजूने बोलणाऱ्याला येथे एक उत्तर देता येईल आणि ते ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल की स्मृतीने रोगाबरोबर प्रायश्चित्तही सांगितले, म्हणजे सुटकेचा मार्ग मोकळा ठेवला. शिवाय आपल्या दुःखाचे कर्तेपण स्वतःकडे घेणारा मनुष्य परावलंबी होत नाही, दुसऱ्यावर सूड उगवत नाही. हे दोन्ही खरे आहे. परंतु शिक्षा सुधारणेसाठी असेल तर अपराध आठवला पाहिजे; ज्या कृत्याची कर्त्याला स्मृती नाही, ज्याची फिर्याद त्याने ऐकली नाही आणि ज्यावर त्याची कैफियत घेतलेली नाही, त्याचे फळ त्याच्या नखावर उमटवून कोणता मुनसफ समाधान पावेल? बरे, स्वतःच्या दुःखाचे कर्तेपण स्वतःकडे घेणे हा जो या सिद्धांताचा गौरव सांगितला जातो, तो ज्याचे दुःख आहे त्यानेच तो सिद्धांत उच्चारला तर टिकतो. तेच वाक्य शेजाऱ्याने उच्चारले की त्याचा अर्थ पालटतो. 'माझे पाप' असे म्हणणारा साधक असतो आणि 'तुझे पाप' असे म्हणणारा सेवेच्या कर्तव्यातून स्वतःची सुटका करून घेत असतो. माझ्या मते या सर्व वादाची किल्ली येथे आहे: कर्मविचार हा प्रथम पुरुषाचा विचार आहे, द्वितीय आणि तृतीय पुरुषात त्याचा उच्चार करण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राने कोणालाही दिलेला असला तरी तो धर्माने मान्य करू नये.

हे म्हणणे केवळ तर्काचे राहिले असते, जर वर्ध्याच्या मातीत ते आचरून दाखविलेले नसते. 1936 मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांच्या, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या, सेवेला आरंभ केला. महारोग्यांची सेवा तोवर मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होती. ज्या समाजात तो पापरोग म्हणून गणला गेला होता, त्या समाजातून उठून एका तरुणाने त्या रोग्यांमध्ये जन्म काढावा, ही घटना धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या आपल्या पुस्तिकेत कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आणि त्यात दत्तपूरच्या या कार्याचा प्रेमाने उल्लेख केला. दत्तपूरच्या आरंभाच्याच वर्षी, 1936 च्या एप्रिलअखेर, गांधीजी शेगावला राहावयास आले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. आणि 1939 मध्ये परचुरेशास्त्री त्यांच्या दाराशी आले.

परचुरेशास्त्री संस्कृतचे विद्वान होते, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर राजबंदी होते, आणि महारोगाने जर्जर झालेले होते. ज्या शास्त्रांनी त्यांच्या देहावर अपराधाचा शिक्का मारला ती शास्त्रे त्यांच्या जिव्हाग्री होती, ही या प्रसंगाची विलक्षण तीव्रता आहे. आपल्या व्याधीचा शास्त्रोक्त अर्थ त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती. गांधीजींनी आपल्या कुटीच्या सान्निध्यात त्यांच्यासाठी कुटी उभारली आणि स्वतःच्या हातांनी ते त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामच्या आश्रमात आहे. 1945 मध्ये शास्त्रीबुवांचे निधन होईपर्यंत या सेवाशुश्रूषेचा जो इतिहास घडला, त्यात रोग्याच्या पूर्वजन्माची चौकशी झाली नाही. व्रणांची, आहाराची आणि झोपेची मात्र रोज झाली.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. हेच गांधीजी, 1934 च्या 15 जानेवारीला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला तेव्हा, तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे असे म्हणाले होते. भौतिक घटनांचा संबंध नैतिक कारणांशी जोडणे अशास्त्रीय आहे, असा स्पष्ट निषेध रवींद्रनाथांनी केला, आणि 'हरिजन'मध्ये तो निषेध छापूनही गांधीजींनी आपले म्हणणे सोडले नाही. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने रवींद्रनाथांचाच पक्ष खरा होता यात मला शंका नाही. भूकंपात गाडली गेलेली बालके कोणाच्या पापाचे देणेकरी होती, या प्रश्नाला गांधीजींच्या भूमिकेत उत्तर नव्हते. मग भूकंपात पाप वाचणारा मनुष्य परचुरेशास्त्र्यांच्या देहावर ते का वाचत नाही? याचे कारण, मला वाटते, असे आहे की भूकंपाच्या वेळी ते ज्या पापाविषयी बोलत होते ते 'आमचे' पाप होते. 1933 च्या 7 नोव्हेंबरला वर्ध्याहूनच निघालेल्या हरिजनयात्रेत ते सवर्ण समाजाचा एक घटक म्हणून स्वतःवर दोषारोप करीत फिरत होते. त्यांचा कार्यकारणभाव चुकला, पण व्याकरण चुकले नाही: पापाचा उच्चार त्यांनी प्रथम पुरुषातच केला. परचुरेशास्त्र्यांचा देह हा दुसऱ्याचा देह होता, आणि दुसऱ्याच्या देहापुढे त्यांना एकच प्रश्न सुचत होता, की याच्यासाठी मी काय करू शकतो.

दुसऱ्याच्या विवर्ण नखाकडे पाहताना हाच प्रश्न विचारावयाचा ठरविले, तर कारणांची केवढी विविधता समोर येते! गवंड्याच्या अंगठ्यावर विटेचा किंवा हातोडीचा घाव बसला की नखाखाली रक्त साकळून ते जांभळे-काळे होते. पहिल्या काही तासांत ठणका असह्य असेल तर डॉक्टर नखाला छिद्र पाडून ते रक्त वाहू देतात, आणि एरवी हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने वाढत सहा महिन्यांत नवे होते, पायाचे मात्र वर्ष-दीड वर्ष घेते. ज्या बाईचे हात दिवसभर धुण्याभांड्यांच्या पाण्यात असतात तिचे नख खालच्या कातडीपासून सुटते, त्या पोकळीत ओल साचते आणि काही जंतूंच्या वाढीमुळे ते हिरवट दिसू लागते. सुटलेला भाग कापणे, हात कोरडे ठेवणे आणि वैद्याच्या सल्ल्याने औषध लावणे हा त्यावर इलाज आहे. नख पिवळे, जाड आणि ठिसूळ होऊन त्याच्याखाली भुसा साठू लागला तर पुष्कळदा ते बुरशीचे काम असते; परंतु सोरायसिसमध्येही नख असेच दिसते, म्हणून नखाचा तुकडा तपासून मगच गोळ्या सुरू कराव्यात, त्या हातांच्या नखांसाठी साधारण सहा आठवडे आणि पायांच्या नखांसाठी बारा आठवडे घ्याव्या लागतात, आणि त्यापूर्वी यकृताची तपासणी करून घेणे हिताचे असते. हळदीने, मेंदीने, तंबाखूच्या धुराने, वर्षानुवर्षे लावलेल्या नेलपॉलिशनेही नखे रंगतात. तेथे कारण दूर करून वाट पाहणे एवढेच पुरते.

काही रंग मात्र देहाच्या आतली बातमी बाहेर आणतात. रक्तक्षयात नखाखालचा गुलाबी रंग उडून तेथे फिकटपणा येतो, आणि लोह दीर्घकाळ कमी पडले तर नख मधे खोलगट होऊन चमच्यासारखे दिसते. ब-12 जीवनसत्त्व अपुरे पडल्यास नखे काळपट होतात आणि ते पुरविल्यावर पूर्ववत होतात. यकृताच्या जुनाट विकारात नख जवळजवळ संपूर्ण पांढरे दिसते, मूत्रपिंडाच्या विकारात ते अर्धे पांढरे आणि अर्धे तपकिरी दिसू शकते, शरीरात सोमल, म्हणजे आर्सेनिक, गेल्यास त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि नखे व ओठ अकस्मात निळे पडले तर रक्तात प्राणवायू कमी पडत आहे असे समजून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. सावळ्या वर्णाच्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या काळ्या रेघा असणे पुष्कळदा निरुपद्रवी असते. परंतु एकाच नखावर नवी रेघ उमटून ती रुंद होत गेली, किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरला, तर तो कर्करोग असू शकतो, आणि तो वेळीच दाखविला तर बोट नव्हे, प्राण वाचतात. अशा रेघेला 'भोग' म्हणून सहा महिने उपासतापासात घालविणारा मनुष्य ज्या संधीला मुकतो, ती कोणत्याही प्रायश्चित्ताने परत येत नाही.

या यादीकडे जरा स्थिर दृष्टीने पाहिले तर एक गंभीर गोष्ट ध्यानात येते. काही विवर्ण नखांमागे खरोखरच पाप असते. परंतु ते नखाच्या धन्याचे नसते. ज्या घरात सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाते आणि गरोदरपणातही तिच्या ताटाकडे कोणाचे लक्ष जात नाही, तिच्या पांढऱ्या पडलेल्या नखांवर त्या घराचा अपराध लिहिलेला असतो. विदर्भात आनुवंशिक सिकलसेलचा रक्तविकार काही समाजांत पुष्कळ आढळतो. त्यातून येणारा फिकटपणा पाहून त्या कुळालाच शापित म्हणणारे लोक, विवाहापूर्वी एक रक्ततपासणी सुचविण्याचे साधे कर्तव्य विसरतात. कपाशीच्या शेतात हातमोज्यांवाचून फवारणीला धाडलेल्या मजुराच्या बोटांना विषारी औषध लागते, आणि काही तणनाशकांमुळे नखांवर डाग पडून ती झडतातही. तेथे कृच्छ्र कोणी करावे, मजुराने की हातमोज्यांचे चार पैसे वाचविणाऱ्या धन्याने? स्मृतिकाराला नखात चोरी दिसली हे पूर्णतः असत्य नव्हते. चोरी पुष्कळदा झालेली असते. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात ज्याची चोरी झाली त्यालाच उभे केले गेले.

महारोगाच्या बाबतीत हा उलटा न्याय सर्वांत प्रदीर्घ काळ चालला. या रोगात हाताची संवेदना नाहीशी होते, तव्याचा चटका किंवा काट्याची टोच कळत नाही, जखमा चिघळतात, आणि नखे काळवंडत, रेघाळत, आखडत अखेरीस बोटांसह झिजतात. म्हणजे ज्याला कुनखीपणा म्हटले गेले तो पुष्कळसा वेळेवर न मिळालेल्या काळजीचा परिणाम होता. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि डॉ. वारदेकरांनी सेवाग्रामच्या परिसरातील खेड्यांतून सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार अशी त्रिविध पद्धत सुरू केली. रोग्याला गावाबाहेर नेण्याऐवजी औषध गावात नेणे, आणि रोग्याने लपण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन बधिर चट्टा शोधणे, हे तिचे मर्म होते. पुढे 1980 च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचाराचा प्रयोग देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत झाला त्यांत वर्धा होता. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन या औषधांनी सहा महिन्यांत, किंवा रोग पसरलेला असेल तर बारा महिन्यांत, आज हा रोग पूर्ण बरा होतो. यांपैकी क्लोफाझिमीनने त्वचा काळसर-तांबूस होते आणि काहींची नखेही रंगतात. औषध थांबल्यावर तो रंग काही महिन्यांनी उतरतो. रोगाबरोबर बरे होण्याचेही चिन्ह देहावर काळ्या रंगानेच उमटावे, यापरते रंगावरून पाप वाचणाऱ्या शास्त्राचे खंडन कोणते हवे? आणि तरीही या समजुतीचा अंमल इतका चिवट होता की 1898 चा महारोग्यांविषयीचा कायदा 2016 पर्यंत रद्द झाला नाही आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून 2019 मध्ये निघाले. जंतू सापडून दीडशे वर्षे होत आली तेव्हा दफ्तरातली नोंद खोडली गेली. मनांतली नोंद अद्याप ठिकठिकाणी शिल्लक आहे.

मग धर्माला रोग्याच्या खाटेजवळ काही स्थानच नाही काय? माझा तसा आग्रह नाही. केळझरच्या गणपतीपुढे हात जोडणारा किंवा गिरडच्या टेकडीवर फरीदबाबांच्या दर्ग्याला चादर चढविणारा मनुष्य आपल्या भीतीला एक आधार शोधत असतो, आणि तो आधार त्याच्याकडून हिरावून घेण्यात कोणतेही शहाणपण नाही. नवस आणि औषध यांचे वैर नाही, जोवर नवसाच्या भरवशावर औषध मागे पडत नाही. धर्माचे खरे कार्य याहून मोठे आहे. दुःखाचे कारण शोधणे हे शास्त्राचे काम असले, तरी दुःखिताजवळ बसण्याचे बळ शास्त्र देत नाही. किळस जिंकण्याची, भय जिंकण्याची, आणि ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याच्यासाठी आयुष्य वेचण्याची शक्ती मनोहरजी दिवाणांना कोणत्या औषधाच्या पुस्तकातून मिळाली नव्हती. ती श्रद्धेतून आली होती. परंतु तीच श्रद्धा, जिने एकाला दत्तपूरच्या रोग्यांत नेऊन बसविले, दुसऱ्या शेकडो जणांना त्याच रोग्यांपासून दूर पळण्याचे कारण पुरवीत होती. म्हणून धर्माची परीक्षा तो दुःखाचे कोणते स्पष्टीकरण देतो यावर होऊ नये, ते स्पष्टीकरण ऐकणाऱ्याची पावले रोग्याच्या दिशेने वळतात की उलट दिशेने, यावर व्हावी.

या कसोटीवर कुनखीविषयीचे ते वचन टिकत नाही, मग ते कितीही पूज्य ग्रंथातले असो. त्याच ग्रंथपरंपरेतली सुश्रुताची साक्ष टिकते, चरकाचा पुरुषकार टिकतो, बुद्धाचे सप्तकारणविवेचन टिकते. आणि जो स्वतःच्याच अंतःकरणावर लावला जातो तो कर्मविचारही टिकतो. तेव्हा ज्याला कर्माचा हिशेब आवश्यक वाटतो त्याने तो अवश्य ठेवावा, परंतु आपल्याच नावाच्या खात्यावर ठेवावा, आणि त्यात हेही लिहावे की आपल्या घरात शेवटी कोण जेवते, आपल्या शेतात फवारणी कोण करतो आणि ज्याची नखे पाहून आपण हात मागे घेतला तो कोण होता. दुसऱ्याच्या नखांचा रंग बदललेला दिसला तर विचारावयाचे प्रश्न थोडे आणि साधे आहेत: हे केव्हापासून आहे, दुखते काय, बोटांना स्पर्श कळतो काय, काम कोणते करता, आणि दवाखान्यात दाखविले काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर त्याच्याबरोबर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापर्यंत किंवा जवळच्या आरोग्यकेंद्रापर्यंत जाणे, हेच त्या प्रसंगीचे कर्म. आणि ते टाळले तर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडावे, याविषयी मात्र मनूचे आणि माझे एकमत होण्यास हरकत नसावी.